बेकारभत्ता आणि सरासरीचा न्याय

एका हिशेबी गृहस्थाची गोष्ट आपल्या देशात अनेक प्रांतांत सांगितली जाते. सहकुटुंब प्रवासाला निघालेल्या या गृहस्थास वाटेत नदी आडवी आली. त्याने काठीने ठिकठिकाणी पाणी मोजले, सर्व मापांची बेरीज करून सरासरी काढली आणि घरातील सर्वांत लहान मुलाची उंचीही तीहून अधिक आहे असे पाहून सर्वांना निःशंकपणे पाण्यात उतरविले. मुले मधल्या डोहात बुडाली. पैलतीरी पोचल्यावर त्याने हिशेब पुन्हा तपासला. त्यात एका बोटाचीही चूक नव्हती. हिशेब चोख असता मुले बुडाली कशी, हा त्याचा प्रश्न आजवर थट्टेचा विषय होऊन बसला आहे. वस्तुतः त्याच्या गणितात दोष नव्हता. एका ठिकाणी पाणी किती खोल आहे, या प्रश्नाचे उत्तर सबंध नदीच्या सरासरीकडून मिळेल असे त्याने मानले, एवढेच त्याचे चुकले.

हीच चूक एखाद्या सुशिक्षित, संपन्न आणि लोकशाहीनिष्ठ देशाचे शासन करील, तीही लक्षावधी नागरिकांच्या बाबतीत आणि वर्षानुवर्षे करीत राहील, असे कोणी सांगितले असते तर त्यावर सहसा विश्वास बसला नसता. परंतु ऑस्ट्रेलियात २०१५ ते २०१९ या काळात नेमके हेच घडले. ज्यांना पूर्वी बेकारभत्ता किंवा तत्सम साहाय्य मिळाले होते, त्यांच्या पात्रतेची शासनाने मागाहून फेरतपासणी केली आणि सरासरीच्या आधारे त्यांच्या नावावर कर्ज दाखवून वसुली सुरू केली. पुढे ही वसुली बेकायदा ठरली. हे प्रकरण तेथे ‘रोबोडेट’, म्हणजे यंत्राने लादलेले कर्ज, या नावाने ओळखले जाते. दिलेले साहाय्य परत मागण्याचा अधिकार शासनाला कोठवर आहे आणि तो त्याने कसा वापरावा, हे समजून घेण्यास याहून बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रथम बेकारभत्त्याचे स्वरूप पाहू. हा भत्ता मुख्यतः दोन पद्धतींनी दिला जातो. एक विम्याची पद्धत होय. इंग्लंडने १९११ च्या कायद्याने ती काही धंद्यांपुरती सुरू केली. कामगार, मालक आणि शासन यांनी वर्गणी भरावयाची व काम सुटल्यावर त्या निधीतून कामगारास ठराविक मुदतीपर्यंत साहाय्य मिळावयाचे, असे तिचे रूप आहे. दुसरी पद्धत ऑस्ट्रेलियाची. तेथे १९४४ साली यासंबंधी कायदा झाला आणि पुढील वर्षापासून तो अमलात आला. या पद्धतीत वर्गणी नाही. भत्ता सर्वसाधारण करांच्या उत्पन्नातून दिला जातो. वर्गणी नसल्यामुळे गरज हीच पात्रतेची कसोटी ठरते. ज्याला काम नाही आणि पुरेसे उत्पन्न नाही, त्यालाच भत्ता मिळावयाचा; थोडेफार काम मिळाले तर त्या प्रमाणात भत्ता कमी व्हावयाचा. हे उत्पन्न मोजण्याचा काळ ऑस्ट्रेलियात एक पंधरवडा असा ठरलेला होता. दर पंधरवड्याला आपण किती मिळविले हे भत्ता घेणाराने कळवावयाचे व त्यावरून त्या पंधरवड्याचा भत्ता ठरावयाचा, अशी ती रीत होती.

आता यात एक अडचण स्वाभाविकच असते. ज्याची चूल आज पेटावयाची आहे, त्याला आधी सर्व कागदपत्रे तपासू आणि मग पैसे देऊ, असे सांगता येत नाही. म्हणून जगातील बहुतेक शासने आधी पैसे देतात व तपासणी मागाहून करतात. एखादा माणूस आपली मिळकत कमी सांगतो, एखाद्याची नजरचुकीने चूक होते, तर कधी खुद्द कचेरीकडूनच आकडा चुकतो. सार्वजनिक पैशाचा विश्वस्त या नात्याने अशी जादा गेलेली रक्कम शोधून काढणे हे शासनाचे कर्तव्यच होय. यास्तव फेरतपासणी करावी की नाही, हा वादाचा मुद्दा नव्हे. ती कशाच्या आधारे करावी आणि शाबितीची जबाबदारी कोणी उचलावी, हा खरा मुद्दा आहे.

ऑस्ट्रेलियातही अशी तपासणी पूर्वीपासून होत होती. कल्याणभत्ते वाटणारी ‘सेंटरलिंक’ ही कचेरी आपल्या नोंदी करखात्याच्या नोंदींशी ताडून पाहत असे. एखाद्याने कचेरीला कळविलेले उत्पन्न आणि मालकाने करखात्याला कळविलेला पगार यांत तफावत दिसली, तर ते प्रकरण अधिकाऱ्याच्या हाती जाई. अधिकारी त्या माणसाला विचारी, आणि गरज पडल्यास कायद्याने दिलेला अधिकार वापरून मालकाकडून पगाराच्या नोंदी मागवी. तफावत ही केवळ चौकशीची सुरुवात असे. ती निष्कर्ष मानली जात नसे. हे काम सावकाशीचे होते. अशा रीतीने वर्षाला सुमारे वीस हजार प्रकरणे तपासून होत.

२०१५ च्या अंदाजपत्रकात ही पद्धत बदलण्याचे ठरले. त्याच वर्षी मर्यादित प्रमाणावर आरंभ झाला आणि २०१६ च्या उत्तरार्धात नवी पद्धत सर्वत्र लागू झाली. तफावत आढळताच संगणक आपोआप पत्र धाडू लागला. त्या माणसाने संकेतस्थळावर जाऊन आपल्या उत्पन्नाचा खुलासा करावा. तो केला नाही तर करखात्याकडील वार्षिक आकड्याची पंधरवड्यांवर सारखी वाटणी करून यंत्र त्याच्या कर्जाची रक्कम ठरवून मोकळे होई. मालकाकडे विचारणा करण्याचे काम बहुतांशी थांबले. पूर्वी वर्षभरात जितकी प्रकरणे हाताळली जात, तितकी पत्रे आता एका आठवड्यात रवाना होऊ लागली.

या वाटणीतून अन्याय कसा निर्माण होतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एक मजूर फळबागेत हंगामी कामावर आहे असे समजू. वर्षातील १३ पंधरवडे त्याला काम मिळाले आणि प्रत्येक पंधरवड्यास २,००० डॉलर याप्रमाणे त्याने २६,००० डॉलर मिळविले. या काळात त्याने भत्ता घेतला नाही. उरलेले १३ पंधरवडे त्याच्या हाताला काम नव्हते. त्या काळात त्याने आपले उत्पन्न शून्य असे खरेपणाने कळविले आणि २०१६ च्या दराने पंधरवड्यास सुमारे ५२५ डॉलर भत्ता घेतला. येथवर सर्व काही कायद्याप्रमाणे झाले. आता मालकाने कराच्या कागदावर नोकरीचा काळ म्हणून सबंध वर्ष दाखविले असेल, आणि असे पुष्कळदा होत असे, तर यंत्र २६,००० डॉलरांना वर्षाच्या २६ पंधरवड्यांनी भागते. उत्तर येते पंधरवड्यास १,००० डॉलर. एवढे उत्पन्न असणाऱ्यास त्या वेळच्या नियमाप्रमाणे भत्ता जवळजवळ मिळत नसे. म्हणून यंत्राच्या मते या मजुराने बेकारीच्या काळातही प्रत्येक पंधरवड्यास १,००० डॉलर मिळविले, ते लपविले आणि भत्ता उकळला. त्याच्या नावावर पावणेसात हजार डॉलरांच्या घरात कर्ज निघते. वास्तविक तो एका डॉलरचाही देणेकरी नाही.

या उदाहरणातील मर्म लक्षात घेतले पाहिजे. ज्याला वर्षभर सारखा पगार मिळतो, त्याच्या बाबतीत सरासरी अचूक ठरते. परंतु अशा माणसाला बेकारभत्त्याची गरज नसते. ज्याचे काम आज आहे आणि उद्या नाही अशा हंगामी, तात्पुरत्या किंवा रोजंदारीच्या कामगारालाच हा भत्ता लागतो, आणि नेमक्या त्याच्याच बाबतीत सरासरी खोटी पडते. म्हणजे ज्या वर्गासाठी ही योजना होती, त्याच वर्गाविषयी हे मापन सर्वांत अविश्वसनीय होते. कायद्याने पंधरवडा हे माप ठरविले ते यासाठीच की, माणसाची अडचण त्या त्या वेळी पाहिली जावी. वर्षाचे माप लावल्याबरोबर ती अडचणच दिसेनाशी झाली.

पत्र हाती पडल्यावर नागरिकाची अवस्था काय होई? त्याला पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पगाराच्या चिठ्ठ्या शोधाव्या लागत. ज्या उपाहारगृहात किंवा दुकानात त्याने काम केलेले असे, ते कधी बंद पडलेले असे, कधी दुसऱ्याने विकत घेतलेले असे. काहींची पत्रे जुन्या पत्त्यावर गेली आणि कर्ज झाल्याची वार्ता त्यांना वसुली करणाऱ्या खासगी कंपनीच्या दूरध्वनीवरून कळली. खुलासा न आल्यास अनेकांच्या कर्जावर दहा टक्के दंडही चढविण्यात येई. कित्येकांचा आयकराचा परतावा परस्पर वळता करून घेण्यात आला. उत्तर देता न येणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, असाच या पद्धतीचा व्यवहारातील अर्थ झाला. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगापुढे दोन मातांनी आपल्या तरुण मुलांविषयी साक्ष दिली. अशा कर्जाचा तगादा लागल्यानंतर त्या मुलांनी आपले जीवन संपविले होते. एका भागाकाराची झळ माणसाच्या आयुष्याला कोठवर लागू शकते, हे यावरून ध्यानात येते.

या सर्वांत कायद्याचा आधार काय होता? उत्तर असे की, तो नव्हताच. समाजकल्याण खात्याच्या स्वतःच्या विधितज्ज्ञांनी २०१४ च्या अखेरीसच असे मत दिले होते की, सरासरीने उत्पन्न ठरविणे कायद्याच्या रचनेत बसत नाही. तरीही योजना पुढे गेली. २०१७ च्या मार्च महिन्यात प्रशासकीय अपील न्यायाधिकरणाचे सदस्य प्राध्यापक टेरी कार्नी यांनी अशा कर्जास कायदेशीर पाया नाही असा निर्णय दिला, आणि त्या वर्षी आणखी काही प्रकरणांतही तसेच निर्णय दिले. कर्ज आहे असे म्हणणाऱ्या कचेरीने ते शाबीत केले पाहिजे, नागरिकाने आपण निर्दोष असल्याचे शाबीत करावयाचे नाही, हे त्यांच्या विवेचनाचे सार होते. त्या पहिल्या पायरीवरील निर्णय प्रसिद्ध करण्याची प्रथा नव्हती. खात्याने त्यांविरुद्ध वरच्या पायरीवर अपीलही केले नाही. अपील केले असते तर प्रश्नाचा जाहीर निकाल लागला असता. परिणामी ज्या एका माणसाने दाद मागितली त्याचे कर्ज रद्द होई, आणि ज्यांना दाद मागणे जमले नाही त्यांच्याकडून वसुली चालूच राही.

हा दरवाजा अखेर न्यायालयाने उघडला. व्हिक्टोरिया राज्यातील कायदेशीर साहाय्य संस्थेच्या मदतीने दोन स्त्रियांनी २०१९ साली केंद्रीय न्यायालयात दावे लावले. त्यांपैकी एकीवर विद्यार्थिदशेत मिळालेल्या भत्त्यापोटी सुमारे २,७०० डॉलरांचे कर्ज दाखविले होते आणि तिचा कराचा परतावाही वळता करून घेतला होता. दावा दाखल झाल्यावर कचेरीने तिच्या पगाराच्या खऱ्या नोंदी मागविल्या, तेव्हा प्रत्यक्ष देणे निघाले १ डॉलर ४८ सेंट! २७ नोव्हेंबर २०१९ रोजी शासनाच्या संमतीनेच न्यायालयाने हुकूमनामा दिला की, हे कर्ज वैध रीतीने ठरविलेले नव्हते. त्याच्या काही दिवस आधी, केवळ सरासरीवरून यापुढे कर्ज ठरविणार नाही, असे शासनाने जाहीर केले होते.

पुढील हकीकत थोडक्यात सांगता येईल. २०२० च्या मे महिन्यात शासनाने ४,७०,००० कर्जांपोटी वसूल केलेली रक्कम परत करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सामुदायिक दाव्यात तडजोड झाली व ११ कोटी २० लाख डॉलर भरपाई ठरली. ११ जून २०२१ रोजी या तडजोडीस मान्यता देताना न्यायमूर्ती बर्नार्ड मर्फी यांनी जे आकडे नमूद केले, ते डोळे उघडणारे आहेत. सुमारे ४,३३,००० लोकांवर निदान १७६ कोटी ३० लाख डॉलरांची कर्जे बेकायदा लादण्यात आली होती, आणि त्यांपैकी सुमारे ७५ कोटी १० लाख डॉलर प्रत्यक्ष वसूलही झाले होते. २०२२ साली राजआयोग नेमण्यात आला. क्वीन्सलँडच्या माजी मुख्य न्यायाधीश कॅथरीन होम्स यांनी ७ जुलै २०२३ रोजी त्याचा अहवाल सादर केला. त्यात ५७ शिफारशी होत्या. ही योजना न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती, असा निःसंदिग्ध निष्कर्ष आयोगाने काढला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये शासनाने आणखी ४७ कोटी ५० लाख डॉलर भरपाई देण्याचे मान्य केले. तिजोरीची बचत करावयास निघालेल्या योजनेचा शेवट असा तिजोरी रिकामी करण्यात झाला.

हा दोष एकट्या ऑस्ट्रेलियाचा नव्हे. अमेरिकेतील मिशिगन राज्याने २०१३ च्या ऑक्टोबरपासून बेकारी विम्याच्या दाव्यांतील लबाडी शोधण्याचे काम एका संगणकप्रणालीवर सोपविले. तेथेही त्रैमासिक पगाराची आठवड्यांवर सारखी वाटणी करण्यात येई. प्रश्नावलीस दहा दिवसांत उत्तर न आल्यास लबाडी झाली असे गृहीत धरले जाई. दंड मूळ रकमेच्या चौपट, आणि वर व्याज. २०१५ च्या ऑगस्टपर्यंत सुमारे ४०,००० लोकांवर हा शिक्का बसला. केवळ यंत्राने ठरविलेली २२,००० हून अधिक प्रकरणे मागाहून तपासली, तेव्हा त्यांतील ९३ टक्के निर्णय चुकीचे निघाले. दोन देश, दोन निरनिराळे कायदे. परंतु मौन म्हणजे कबुली आणि सरासरी म्हणजे पुरावा, ही दोन गृहीतके मात्र दोन्हीकडे सारखीच होती.

दोष यंत्राला देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण ते योग्य होणार नाही. कागदावर पेन्सिलीने केलेला भागाकारही तितकाच चुकीचा ठरला असता. यंत्राने चुकीचा वेग मात्र वाढविला. पूर्वी एखाद्या अधिकाऱ्याने प्रकरण उघडले की या बागेत काम सहाच महिने चालते, हे त्याच्या ध्यानात येण्याची शक्यता होती. त्याची शंका हाच नागरिकाचा पहिला बचाव होता. तपासणारा माणूस काढून टाकल्याबरोबर ती शंकाही नाहीशी झाली.

भारतीय श्रोत्यांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. कर्मचारी राज्य विमा निगमाने २००५ साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणि २०१८ साली अटल विमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. या दोन्हींत काम गमावलेल्या विमाधारकास रोख साहाय्याची तरतूद करण्यात आली. परंतु जादा दिलेली रक्कम मागाहून परत मागण्याचा प्रश्न आपल्याकडे अधिक परिचित आहे तो पगार व निवृत्तिवेतन यांच्या संदर्भात. वेतननिश्चितीत कचेरीकडून चूक होते, कर्मचाऱ्यास वर्षानुवर्षे थोडी अधिक रक्कम मिळत राहते, आणि निवृत्तीच्या सुमारास लेखापरीक्षणात चूक सापडून एकदम लाखाच्या वसुलीचा हुकूम निघतो. अशा प्रकरणांविषयी सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी, पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात, काही मर्यादा घालून दिल्या. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीतील कर्मचारी, निवृत्त झालेले अथवा वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी, वसुलीच्या हुकमापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळत राहिलेली प्रकरणे, तसेच जेथे वसुली उघड उघड अन्यायाची किंवा जाचक ठरेल अशी इतर प्रकरणे यांत वसुली करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. केंद्राच्या कार्मिक विभागाने २ मार्च २०१६ च्या परिपत्रकाने हे तत्त्व सर्व खात्यांना कळविले. कर्मचाऱ्याने लबाडी केलेली नाही, चूक कचेरीची आहे, आणि आलेला पैसा संसारात केव्हाच खर्च झाला आहे. अशा स्थितीत हिशेबाची शुद्धता हा एकच निकष मानता येत नाही, हे या निर्णयामागील सूत्र होय. हा निर्णय वेतनापुरता आहे, हे खरे. तथापि त्यातील न्यायदृष्टी कोणत्याही साहाय्याला लागू पडण्याजोगी आहे.

या अनुभवांतून योग्य फेरतपासणीची लक्षणे सांगता येतात. ज्या मापाने हक्क दिला, त्याच मापाने तो तपासला पाहिजे. पंधरवड्याने दिलेला हक्क वर्षाच्या मापाने काढून घेता येत नाही. तफावत हे चौकशीचे निमित्त असावे. तिला निवाड्याचे स्थान देऊ नये. पैसे परत मागणाऱ्यानेच देणे शाबीत करावे, कारण मालकाला विचारण्याचा अधिकार, नोंदी जपण्याची साधने आणि मनुष्यबळ शासनापाशी असते. भत्त्यावर जगणाऱ्यापाशी फार तर चिठ्ठ्यांचे एक पुडके असते. मागे किती वर्षे जावयाचे यालाही सीमा असावी. आणि एका प्रकरणात जे तत्त्व चुकीचे ठरले, ते तशाच सर्व प्रकरणांत सोडून देण्याइतका प्रामाणिकपणा खात्याने दाखवावा. दाद मागणाऱ्यालाच न्याय आणि इतरांना वसुली, हा व्यवहार शासनाला शोभत नाही.

बेकारभत्ता देताना शासन नागरिकाला म्हणते की, तुझ्या अडचणीच्या दिवसांत समाज तुझ्यामागे उभा आहे. काही वर्षांनी पुराव्यावाचून तोच पैसा परत मागितला तर त्या शब्दाचे मोल राहत नाही. आणि पुढच्या वेळी खरोखरीचा गरजूही कचेरीची पायरी चढण्यास धजत नाही. म्हणून वसुलीच्या कागदावर सही करण्यापूर्वी, ही रक्कम या माणसाने, या पंधरवड्यात, खरोखरच जादा घेतली असे आपण दाखवू शकतो काय, हा प्रश्न अधिकाऱ्याने स्वतःला विचारला पाहिजे. त्याचे उत्तर हाती नसेल, तर कागद परत फायलीत ठेवून चौकशीला लागणे, हेच त्याचे कर्तव्य होय.